मेंदूंतील लोहाचें मोजमाप

धुळ्याच्या पांझरेच्या किंवा जळगांवजवळील गिरणेच्या वाळूंत लोहचुंबक फिरविण्याचा खेळ आपणांपैकीं अनेकांनीं लहानपणीं खेळला असेल. चुंबकास जी बारीक काळी कणी चिकटते, ती खानदेशच्या काळ्या पाषाणांतील मॅग्नेटाईट या लोहखनिजाची. वाळूंत मिसळून गेलेलें लोह डोळ्यांस ओळखूं येत नाहीं. चुंबकास मात्र तें कळतें. हाच साधा धडा माणसाच्या मेंदूस कसा लागू पडला, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

मेंदूंत लोह असतें हें प्रथम कळलें तें मृतांकडून. १८८६ मध्यें झालेस्की या रसायनज्ञानें मेंदूंतील लोहाचें मापन केलें. १९२२ मध्यें ह्यूगो श्पात्स या जर्मन संशोधकानें रंजनक्रियेनें त्याचा जणूं नकाशाच काढला. पुढें १९५८ मध्यें स्वीडनच्या हॅलग्रेन व सोरांडर यांनीं निरनिराळ्या वयाच्या मृतांचे मेंदू तपासले. लोह बालपणीं अल्प असतें आणि तारुण्यापर्यंत वेगानें वाढतें, असें त्यांस आढळलें. मेंदूच्या गाभ्यांतील ग्लोबस पॅलिडस या भागांत दर शंभर ग्रॅमांस सुमारें २१ मिलिग्रॅम लोह, तर कपाळामागील करड्या थरांत तें ३ मिलिग्रॅमांहूनही कमी! परंतु हें सारें ज्ञान मरणोत्तर. समोर बसलेल्या रोग्यास त्याचा काय उपयोग?

उपाय निघाला तो पदार्थविज्ञानांतून. १९४६ मध्यें अमेरिकेंत ब्लॉख व पर्सेल यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, प्रबळ चुंबकीय क्षेत्रांत हायड्रोजनचीं केंद्रकें रेडिओलहरींस प्रतिसाद देतात. या विद्येशीं आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आहे. १९५१ मध्यें स्टॅनफर्ड येथें अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह एस. एस. धर्मट्टी यांनीं मद्यार्काच्या एकाच रेणूंतील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत वेगळे करून दाखविले. आणि पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. १९७३ मध्यें लॉटरबर यांनीं अशा संकेतांवरून चित्र काढलें. त्यांतूनच आजचें एम.आर.आय. यंत्र आलें.

१९८६ मध्यें, म्हणजे झालेस्कीनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, ड्रेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रबळ चुंबकाच्या यंत्रानें काढलेल्या मेंदूच्या चित्रांतील काळसर ठिकाणें पाहिलीं. तीं मृत मेंदूंच्या जुन्या लोह-नकाशाशीं जुळलीं! याचें कारण असें : पाण्यांतील हायड्रोजनचीं केंद्रकें लेझमीच्या मेळ्याप्रमाणें एका ठेक्यांत असतात. फेरिटिन या प्रथिनांत सांठविलेलें लोह शेजारचें क्षेत्र किंचित् विस्कटतें. ठेका चुकतो, संकेत लवकर विरतो आणि तेथें चित्र काळवंडतें. संकेत किती वेगानें विरतो, यावरून लोहाचा अदमास करतात.

येथें सावध राहिलें पाहिजे. यंत्र लोह तोलीत नाहीं. लोहानें केलेली खळबळ तें मोजतें. मज्जातंतूंचें स्निग्ध वेष्टन व कॅल्शियम हीं देखील तशी खळबळ करतात. म्हणूनच ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील संशोधकांनीं मृतांच्या मेंदूंचीं चित्रें प्रथम घेतलीं, आणि मग त्याच मेंदूंतील लोह रासायनिक रीतीनें मोजलें. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या या कामांत करड्या भागांत दोन्ही मापें उत्तम जुळलीं. पांढऱ्या भागांत तितकीं नव्हेत. जिवंतांच्या या विद्येस विश्वासार्हता दिली ती शेवटीं मृतांनींच.

आज एम.आर.आय. हें नांव खानदेशांतही परिचित आहे. कंपवातांत मेंदूच्या ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या भागांत लोह वाढलेलें आढळतें. पण तें रोगाचें कारण कीं परिणाम, याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं. तेव्हां ‘मेंदूंत लोह सांचतें’ एवढेंच ऐकून एखाद्या पांडुरोगी गर्भवतीनें वैद्यांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या टाकल्या, तर तो अनर्थच होईल. रक्तांतील लोहाचा जमाखर्च निराळा, मेंदूंतील निराळा. आणि गर्भांतील बालकाचा मेंदू घडण्यास तर लोह हवेंच. गिरणेच्या वाळूंत चुंबक फिरविणाऱ्या मुलास लोह आहे एवढें कळतें. तें किती आहे व कशासाठीं आहे, हें कळण्यास मात्र तराजू लागतो, आणि विवेकही.