शाश्वत घनकचरा नियोजन (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

शाश्वत घनकचरा नियोजन म्हणजे कचऱ्याच्या निर्मितीपासून अंतिम विल्हेवाटीपर्यंतच्या कामांची उद्दिष्टे, मुदत, जबाबदारी आणि आर्थिक तरतूद संस्थेने आधीच निश्चित करणे होय. ठाणे महानगरपालिका (स्थापना १ ऑक्टोबर १९८२) आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका (स्थापना १ ऑक्टोबर १९८३) यांच्या अनुभवातून असे नियोजन लांबल्याचे परिणाम आणि ते अमलात आल्यावर होणारा बदल, दोन्ही स्पष्ट होतात.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महानगरपालिकेपुढे मांडणे आवश्यक असते. नियोजनासाठी लागणारी मूलभूत माहिती या अहवालातून उपलब्ध होते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी कचऱ्याचे वर्गीकरण उगमस्थानीच करणे बंधनकारक केले. दररोज सरासरी १०० किलोग्रॅमपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांना या नियमांनी मोठे कचरा निर्माते ठरवले. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी व संस्थांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो स्वतःच्या आवारातच प्रक्रिया करावी, अशी तरतूदही त्यांत होती. त्यामुळे नियोजनाची जबाबदारी महापालिकेपुरती मर्यादित राहिली नाही.

आधारवाडी क्षेपणभूमी

कल्याण पश्चिमेतील खाडीलगतच्या आधारवाडी क्षेपणभूमीवर अनेक वर्षे मिश्र कचरा टाकला जात होता. तेथे वारंवार लागणाऱ्या आगींच्या धुराचा त्रास परिसरातील रहिवाशांना होत असे. कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट होत नसल्यामुळे २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिका क्षेत्रातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ही मनाई २०१६ मध्ये उठवण्यात आली. बांधकाम परवानगीपोटी मिळणारे शुल्क हे महापालिकेच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन असल्याने, या आदेशामुळे कचऱ्याचा प्रश्न थेट आर्थिक नियोजनाशी जोडला गेला.

शून्य कचरा मोहीम

कल्याण-डोंबिवलीत २०२० मध्ये शून्य कचरा मोहीम सुरू झाली. तिचे नेतृत्व तत्कालीन उपायुक्त रामदास कोकरे यांच्याकडे होते. त्यांनी यापूर्वी वेंगुर्ला नगरपरिषदेचे मुख्याधिकारी म्हणून असाच प्रयोग राबवला होता. ओला व सुका कचरा वेगळा करूनच स्वीकारणे, हे मोहिमेचे मुख्य सूत्र होते. शहरात उंबर्डे, आयरे आणि राजूनगर येथे ओल्या कचऱ्यासाठी बायोगॅस प्रकल्प उभारण्यात आले. मे २०२१ मध्ये आधारवाडीत नवा कचरा टाकणे थांबवण्यात आले. साचलेल्या जुन्या कचऱ्याची विल्हेवाट हे मात्र स्वतंत्र काम म्हणून शिल्लक राहिले.

ठाणे

ठाणे महापालिकेने २०२३ मध्ये दिवा येथील क्षेपणभूमी बंद करून कचरा तात्पुरत्या स्वरूपात भंडार्ली येथे नेण्यास सुरुवात केली. तेथील ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. प्रक्रियेची पुरेशी क्षमता उभी राहण्यापूर्वी क्षेपणभूमी बंद केल्यास भार एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर सरकतो, हे यातून दिसून आले.

नियोजनातील क्रम

दोन्ही शहरांच्या अनुभवांवरून कामांच्या क्रमाचे महत्त्व लक्षात येते. कचऱ्याचे मोजमाप, उगमस्थानी वर्गीकरण, प्रक्रिया प्रकल्पांची उभारणी आणि त्यानंतर क्षेपणभूमी बंद करणे, असा हा क्रम आहे. मिश्र कचरा प्रकल्पात आल्यास खताची व बायोगॅसची प्रत घसरते. म्हणून वर्गीकरणाच्या टप्प्यावरच पुढील सर्व टप्प्यांचे यश अवलंबून असते.