'इकिरू': न सांगितलेल्या निदानाची गोष्ट

"डॉक्टर, रिपोर्टचं बाबांना काही सांगू नका. ते खचतील." रुग्णाला बाहेर बसवून नातेवाईक आधी आत येतात आणि हळू आवाजात असे सांगतात. हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. अशा वेळी मला १९५२ सालचा एक जपानी चित्रपट आठवतो: अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू', म्हणजे 'जगणे'.

चित्रपट सुरू होतो तोच पोटाच्या एक्स-रेने. या माणसाला जठराचा कॅन्सर आहे, हे प्रेक्षकांना लगेच कळते. तो माणूस म्हणजे कांजी वातानाबे. सरकारी कचेरीत सुमारे तीस वर्षे कागदांवर शिक्के मारण्यात घालवलेले विभागप्रमुख. दवाखान्यात शेजारी बसलेला एक रुग्ण त्यांना सांगतो की, डॉक्टरांनी साधा अल्सर आहे, ऑपरेशन नको, पचेल ते खा असे म्हटले, तर कॅन्सर समजावा. थोड्या वेळाने डॉक्टर नेमके तेच बोलतात.

ते डॉक्टर दुष्ट नव्हते. त्या काळी अशीच पद्धत होती, आणि ती फक्त जपानमध्येच नव्हती. अमेरिकेत १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ च्या तशाच पाहणीत चित्र उलटले, ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. दरम्यान उपचार सुधारले होते आणि रुग्णाच्या हक्कांची जाणीव वाढली होती. जपानमध्ये हा बदल सावकाश झाला. १९८९ साली सम्राट हिरोहितो वारले, तेव्हा त्यांना लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा कॅन्सर होता हे अधिकृतपणे त्यांच्या मृत्यूनंतरच जाहीर झाले.

आता चित्रपटाकडे परत येऊ. डॉक्टरांनी लपवलेले वातानाबे यांच्यापासून लपले का? नाही. लपवल्यामुळे ते फक्त एकटे पडले. मुलाला सांगावे म्हणून ते घरी येतात, पण शब्द फुटत नाहीत. तरीही, मरण जवळ आहे हे कळल्यावरच ते खऱ्या अर्थाने कामाला लागतात. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून घाण पाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करून घेतात. त्याच बागेत, बर्फ पडत असताना, झोक्यावर बसून ते गाणे गातात. ती त्यांची शेवटची रात्र. मुलगा मात्र दुखवट्याला आलेल्यांना सांगतो की बाबांना आजाराची कल्पनाच नव्हती, असती तर त्यांनी मला सांगितले असते.

मला या चित्रपटातले सर्वांत मोठे दुःख हेच वाटते. बाप आणि मुलगा, दोघांना बोलायला वेळ होता.

म्हणून तुमच्या घरी अशी वेळ आली, तर आधी रुग्णालाच विचारा, "रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?" काहींना सगळे हवे असते, काहींना थोडेच, आणि काही म्हणतात, "मुलाशी बोला." ही तिन्ही उत्तरे योग्य आहेत. सांगायचे म्हणजे सगळे एकाच भेटीत सांगायला हवे असे नाही. 'किती महिने' हा आकडाही रुग्णाने विचारल्याशिवाय सांगण्याची गरज नसते. आणि वेदना कमी करण्याचे उपचार तर शेवटपर्यंत चालू राहतात, हेही त्याला जरूर सांगा.

बहुतेक रुग्णांना अंदाज आलेलाच असतो. त्यांना हवे असते ते कोणीतरी शेजारी बसून बोलणारे.