स्वीडनचे जन्ममृत्यूचे दप्तर

ज्या काळी युरोपातील बहुतेक राजसत्तांना आपल्या प्रजेची संख्या केवळ अदमासानेच ठाऊक होती, त्या काळी, म्हणजे १७४९ साली, स्वीडनच्या सरकारने गावोगावच्या पाद्र्यांकडून जन्म, मृत्यू आणि मृत्यूची कारणे यांचे तक्ते भरून घेण्यास प्रारंभ केला. पाद्र्यांना हे काम अगदीच अपरिचित नव्हते; १६८६ च्या धर्मविषयक कायद्याने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या ठेवणे त्यांना आधीच बंधनकारक झाले होते. नवे होते ते या विखुरलेल्या वह्यांची राजधानीत बेरीज मांडण्याचे धाडस. आणि ती बेरीज प्रथम राज्याचे गुपित म्हणून कुलूपबंद राहावी, हेही तत्कालीन राजनीतीस शोभणारेच.

१७५१ मध्ये बाळंतपणात दगावलेल्या ६५१ स्त्रियांपैकी निदान ४०० स्त्रिया, पुरेशा सुइणी असत्या तर, वाचल्या असत्या, असे तेथील आरोग्यमंडळाने लिहून ठेवले. प्रसूतीतील मृत्यू दैवगती मानून स्वस्थ बसण्याच्या त्या युगात एखाद्या सरकारी मंडळाने त्याचा हिशेब राज्याच्याच उणिवेच्या खाती मांडावा, याचे मला त्या आकड्यांहूनही अधिक नवल वाटते. शिक्षित सुइणी खेड्यापाड्यांत पोहोचण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. १८२९ साली त्यांना अडलेल्या प्रसूतीत चिमटा वापरण्याची मुभा मिळाली, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात जंतुनाशकांचा वापर रूढ झाल्यावर मातामृत्यू झपाट्याने घटले. १९४७ पासून प्रत्येक नागरिकास स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि १९७३ साली प्रसूतींची देशव्यापी वैद्यकीय नोंदवही सुरू झाली. त्यामुळे आईच्या गरोदरपणाची नोंद तिच्या अपत्याच्या पुढील आयुष्यातील आजारांशी जुळवून पाहणे संशोधकांना शक्य झाले.