आधी पोरीचे ताट

एके काळी आमच्या दाभोळ बंदरातून मुंबईला बोटी जात. कोकणातली माणसे गिरण्यांत, गोदीत रोजगार शोधत. त्याच मुंबईत १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर आली. गिरणीत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी जीवघेणा रक्तक्षय जडत होता. त्याचे कारण तिला शोधायचे होते.

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम केले. जंतू तपासले, तसेच बायकांचे ताटही तपासले. गरीब मुसलमान बायकांचा आहार सर्वांत निकस, आणि रक्तक्षयही त्यांच्यातच अधिक. हे वाचून मी थबकलो. आमच्या मोहल्ल्यात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

विल्सबाईंनी यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कातला गुण होता फॉलिक ॲसिडचा. १९४१ साली ते पालकापासून वेगळे काढण्यात आले.

त्या रक्तक्षयात तांबड्या पेशी फुगतात. लोह कमी पडले तर त्या लहान आणि फिक्या होतात, आणि आपल्याकडे हा दुसरा प्रकारच अधिक. म्हणून १९७० साली सुरू झालेल्या सरकारी योजनेत लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र देण्यात आले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता.

रोजची गोळी सुरू होते चौथ्या महिन्यात. गर्भ तोवर थांबत नाही. वार पुरती तयार होईपर्यंत तो गर्भाशयाच्या अस्तरातून पाझरणाऱ्या रसावर पोसतो. एका पेशीच्या दोन होताना लोह लागतेच. मेंदू आणि कण्याची नळी चौथ्या आठवड्यात मिटते. तेव्हा पाळी चुकली, एवढेच बाईला जेमतेम कळलेले असते. २०२५ साली जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांत पाहिले, की आईला लोह फार कमी पडले तर नर होऊ घातलेल्या काही गर्भांत बीजांडकोश तयार झाले. उंदरावरून माणसाचे भाकीत करू नये. पण गर्भाच्या घडणीत लोहाचा हात किती खोलवर असतो, हे त्यातून दिसते.

म्हणजे ही शिदोरी दिवस जाण्याआधीच अंगात हवी. आपल्या खाडीत तिसऱ्या आहेत, शेतात कुळीथ आहे, परसात शेवगा आहे. वर लिंबू पिळावे, जेवणावर लगेच चहा टाळावा. आणि पोरीचे ताट शेवटी नव्हे, आधी वाढावे.