न मोजलेले दुखणे : गडचिरोलीतील दोन खेडी आणि स्त्री-आरोग्याचे संशोधन

१/ जानेवारी १९८९. ‘द लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. खेड्यातील सर्वसाधारण स्त्रियांमध्ये अशी मोजणी तोवर जवळपास झालेलीच नव्हती.

२/ ती का झाली नव्हती? १९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. पुढील चार दशके सरकारी आरोग्ययंत्रणेने स्त्रीच्या प्रजननाकडे मुख्यतः लोकसंख्येचा प्रश्न म्हणून पाहिले. नसबंदी व तांबीची उद्दिष्टे वरून ठरत आणि गावोगावच्या नर्सबाईंना तेवढ्या ‘केसेस’ आणाव्या लागत. आणीबाणीतील पुरुष नसबंदीच्या सक्तीनंतर तर या कार्यक्रमाचा भार बहुतांशी स्त्रियांवरच आला.

३/ जागतिक पातळीवरही लक्ष होते ते बाळंतपणावर. माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत बालकाचा विचार होतो, पण माता कुठे आहे, असा प्रश्न रोझेनफील्ड आणि मेन या संशोधकांनी १९८५ मध्ये विचारला. १९८७ मध्ये नैरोबीत सुरक्षित मातृत्वाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मातामृत्यू चर्चेत आले. परंतु जी गरोदर नाही, जिची शस्त्रक्रिया व्हायची नाही, अशा बाईचे दुखणे कोणत्याच नोंदवहीत बसत नव्हते.

४/ गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी या जंगलव्याप्त जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था उभी केली. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ. या अभ्यासात त्यांचे नाव पहिले आहे.

५/ अभ्यासाची पद्धत महत्त्वाची होती. रुग्णालयातील नोंदींवरून केवळ रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचे आजार कळतात. घरून निघण्याची मुभा, पैसा आणि धीर ज्यांच्यापाशी नाही, त्या बायका त्या आकडेवारीत येतच नाहीत. म्हणून येथे तक्रार असो वा नसो, गावातील स्त्रियांना तपासणीस बोलावण्यात आले. विचारपूस, अंतर्गत तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या अशा तिन्ही मार्गांनी निदान झाले.

६/ दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार आढळले. एकूण आजारांत जवळपास निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता. हे आजार क्वचितच तडकाफडकी जीव घेतात, म्हणून मृत्यूंच्या आकडेवारीत दिसत नाहीत. मात्र वर्षानुवर्षे ओटीपोट दुखणे, अंगावरून जाणे, कधी वंध्यत्व आणि त्यापायी सासरी होणारा छळ, हे सारे बाईच्या वाट्याला येते.

७/ तपासलेल्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी तक्रारी सांगितल्या. ४५ टक्के स्त्रियांना काही त्रास जाणवत नव्हता. तरीही आजाराचे प्रमाण ९२ टक्के. म्हणजे तक्रार नसलेल्यांतही बहुतेकींना आजार होताच. काही संसर्ग मुळात लक्षणांविना राहतात. शिवाय ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ असे लहानपणापासून ऐकलेली स्त्री दुखण्याला आजार म्हणतच नाही.

८/ याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ज्या यंत्रणेचे हात नसबंदीसाठी खेड्यातील बाईपर्यंत पोहोचत होते, तिनेच तिची साधी तपासणी केलेली नव्हती. या निबंधातील सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा कदाचित हाच.

९/ मग दोष गर्भनिरोधक साधनांचा होता का? स्त्रियांनी वापरायची साधने आणि आजार यांच्यात काही संबंध आढळला; पण त्याने आजारांच्या अगदी थोड्या भागाचाच उलगडा होत होता, असे लेखकांनी स्पष्ट नोंदवले. सोयीचा निष्कर्ष त्यांनी काढला नाही.

१०/ अभ्यासाला मर्यादाही होत्या. गावातील सगळ्याच स्त्रिया तपासणीस आल्या नाहीत. दोन खेड्यांचे प्रमाण साऱ्या देशाला लावता येत नाही. पुढे इतर राज्यांत झालेल्या अभ्यासांत आकडे ठिकाणागणिक वेगळे आले. मात्र दुखणे मोठे आहे आणि उपचार दूर आहेत, हे पुन्हा पुन्हा दिसत राहिले.

११/ १९९१ मध्ये डिक्सन-म्यूलर आणि वासरहाइट यांनी जननमार्गाच्या संसर्गांविषयीच्या अहवालाला ‘मौनाची संस्कृती’ असे नाव दिले. १९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्या-नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्याची व्यापक कल्पना १७९ देशांपुढे आली. भारताने १९९६ मध्ये गर्भनिरोधनाची उद्दिष्टे देशभर मागे घेतली आणि १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू केला. या बदलामागे अनेक चळवळी आणि अनेक अभ्यास होते. गडचिरोलीचा अभ्यास त्यांतील आरंभीचा.

१२/ निबंधाची मागणी साधी होती : स्त्रीरोगांची तपासणी आणि उपचार हे प्राथमिक आरोग्यसेवेचाच भाग असावेत. ‘प्रजनन आरोग्य’ हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी ६५० स्त्रिया तपासणीच्या टेबलापर्यंत आल्या. त्यांतील बहुतेकींची ती पहिलीच वेळ होती. त्यांची नावे निबंधात नाहीत. आकडे मात्र त्यांचेच आहेत.