टीकाकार सत्तेवर आला तेव्हा : सायप्रसच्या वाटाघाटी, २००४ ते २०१७

१/
२४ एप्रिल २००४ रोजी सायप्रस बेटावर एकाच दिवशी दोन सार्वमते झाली. प्रश्न एकच होता : दुभंगलेले बेट पुन्हा एक व्हावे का? उत्तरेकडील तुर्की सायप्रियटांपैकी सुमारे ६५ टक्के मतदारांनी होकार दिला. दक्षिणेकडील ग्रीक सायप्रियटांपैकी जवळपास ७६ टक्के मतदारांनी नकार दिला.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. १९६० साली सायप्रस स्वतंत्र झाला. ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान त्याचे हमीदार ठरले. १५ जुलै १९७४ रोजी अथेन्सच्या लष्करी राजवटीने बेटावर सत्तापालट घडवला. पाचच दिवसांनी तुर्की सैन्य उतरले आणि बेटाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला. १९८३ मध्ये तेथे जाहीर झालेल्या राज्याला केवळ तुर्कस्तानचीच मान्यता आहे.

३/
संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या योजनेत दोन घटक राज्यांचा संघ प्रस्तावित होता. अंतिम मसुदा मार्च २००४ अखेरीस हाती आला. मतदानाला महिनाही उरला नव्हता. शिवाय १ मे रोजी सायप्रसला युरोपीय संघाचे सदस्यत्व मिळणारच होते. म्हणजे नकार देऊनही ग्रीक बाजूचे तत्काळ काही बिघडणार नव्हते.

४/
७ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष टासोस पापाडोपूलोस यांनी दूरचित्रवाणीवरून जनतेला ठाम नकाराचे आवाहन केले. ज्याने वाटाघाटी केल्या, त्यानेच फलित नाकारले. सत्तेतील सहकारी असलेल्या डाव्या 'अकेल' पक्षाने आधी सार्वमत लांबणीवर टाकण्याची मागणी केली. ती मान्य न झाल्याने अखेर तोही नकाराच्या बाजूला गेला.

५/
विरोधात उभा राहिला उजवा 'डिसी' पक्ष. त्याचे अध्यक्ष होते निकोस अनास्तासियादिस. योजना सदोष असली, तरी ती फेटाळल्याने फाळणीच पक्की होईल, अशी त्यांची भूमिका होती. लोकमताचा प्रवाह उलटा असतानाही त्यांनी ती सोडली नाही. परिणामी पक्षातील नकारवादी गट बाहेर पडला.

६/
२०१३ साली हेच अनास्तासियादिस राष्ट्राध्यक्ष झाले. मे २०१५ मध्ये तुर्की सायप्रियट नेते मुस्तफा अकिंजी यांच्याशी वाटाघाटी सुरू झाल्या. आता अकेल विरोधी बाकांवर होता आणि प्रक्रियेला त्याचा पाठिंबा होता. 'डिको'सारखे पक्ष मात्र सरकार फार सवलती देत असल्याचा आरोप करीत होते.

७/
फेब्रुवारी २०१७ मध्ये संसदेने १९५० सालच्या, ग्रीसमध्ये विलीन होण्याविषयीच्या कौलाचे स्मरण शाळांत करण्याचा ठराव संमत केला. अकेलने विरोधात मत दिले. सत्ताधारी डिसी तटस्थ राहिला. तुर्की सायप्रियटांच्या जुन्या भीतीला त्यामुळे खतपाणी मिळाले आणि चर्चा एप्रिलपर्यंत खोळंबली. ठराव कोणी मांडला याइतकेच तो कोणी अडवला नाही, हेही महत्त्वाचे ठरले.

८/
जून २०१७ अखेरीस स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंटाना येथे अंतिम फेरी सुरू झाली. हमीदार देशही उपस्थित होते. सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांनी तडजोडीची चौकट मांडली. ७ जुलैच्या पहाटे परिषद निष्फळ ठरली.

९/
सरकारचे म्हणणे असे की, तुर्कस्तान हमीचे हक्क आणि सैन्य सोडायला तयार नव्हता. अकेलने तुर्कस्तानला दोषमुक्त केले नाही. पण राष्ट्राध्यक्षांनी संधी दवडली, जबाबदारीचा वाटा त्यांचाही आहे, असे बजावले. २००४ मधला आक्षेप आता त्या आक्षेपाच्या पुरस्कर्त्यावरच उलटला होता.

१०/
२०१८ च्या निवडणुकीत अनास्तासियादिस यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. अकेलचा पाठिंबा असलेले स्टाव्रोस मालास म्हणत, पुरेसे प्रयत्न झाले नाहीत. डिकोचे निकोलस पापाडोपूलोस, म्हणजे टासोस यांचे पुत्र, म्हणत, फार दिले गेले. दुसऱ्या फेरीत अनास्तासियादिस यांनी मालास यांना सुमारे ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी हरवले.

११/
परस्परविरोधी आरोप एकाच वेळी टिकतात, याचे कारण वाटाघाटींच्या रचनेत आहे. 'सर्व मान्य होईपर्यंत काहीच मान्य नाही' हा त्यांचा नियम. बंद दाराआड देऊ केलेली सवलत फेरी फसताच अधांतरी राहते. विरोधक आरोप पूर्णपणे सिद्ध करू शकत नाहीत आणि सरकारलाही तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही.

१२/
यात हरवतो तो वेळ. ऑक्टोबर २०२० मध्ये, १९७४ पासून बंद असलेल्या वारोशाचा काही भाग तुर्की बाजूने एकतर्फी खुला केला. त्याच महिन्यात संघराज्यवादी अकिंजी पराभूत झाले आणि दोन स्वतंत्र राज्यांचे समर्थक एर्सिन तातार निवडून आले. दक्षिणेत 'संधी कोणी घालवली' हा वाद चालू असताना उत्तरेत वाटाघाटींचा विषयच बदलला होता. २००४ मध्ये विरोधी पक्षनेते अनास्तासियादिस यांनी दिलेला इशारा नेमका हाच होता.