कोयत्याची धार टिकत नाही? आधी खोट ओळखा

ऊसतोडीत कोयता सारखा पाजळावा लागत असेल, तर खोट पात्यात असू शकते. बोथट कोयता उसावरून निसटून पायावर येतो. म्हणून धार उजेडात धरून नीट बघावी.

धार वळते : पातं मऊ आहे, पाणी नीट बसलेलं नाही. लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावं.

खांडे पडतात : धार फार पातळ काढलीय, नाहीतर पातं जास्त कडक झालंय. पाणी दिल्यावर पातं पिवळसर रंग येईपर्यंत हलकं शेकावं लागतं. ते राहिलं की धारेचे तुकडे उडतात.

धार निळी पडते : ग्राइंडरवर पातं साधारण 300 अंशांपर्यंत तापलं, तिथला कडकपणा गेला. निळा भाग दगडावर घासून काढावा. पुढच्या वेळी पातं सारखं पाण्यात बुडवत राहावं.

धारेलगत काळी रेघ : लोखंडाला पोलादाचा जोड दिलेल्या पात्यात ही जोड सुटल्याची खूण असू शकते. घासूनही रेघ राहिली तर लोहाराला दाखवावं.

धारेतून आत गेलेला तडा : असं पातं वापरूच नये. घाव बसताच तुकडा उडून शेजारच्याला लागू शकतो.